मनोऱ्याला जिना नको

वॉर्डाचे अध्यक्ष खगेश्वर पौड्याल सारखे काठमांडूला जायचे, गावासाठी अधिकार मागायला. त्यामुळे गावात ते कधी सापडत नसत. शिक्का मात्र कायम त्यांच्याच खिशात. तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा म्हटलं की ते खिशाचं बटण लावून घ्यायचे. त्या दिवशीही त्यांना दुपारच्या बसने निघायचं होतं. 'गावाचा कारभार गावाच्या हाती' या परिषदेत मुख्य भाषण त्यांचं होतं. निघण्याआधी टेकडीवरच्या नव्या मनोऱ्यावर एक फोटो तेवढा काढायचा होता.

मनोरा मोठा झोकात उभा होता. पाया गावपालिकेने घातला, खांब प्रदेश सरकारने उभे केले, वरची गच्ची केंद्राने बांधली. जिना मात्र कुणाच्याच वाट्याला आला नव्हता. म्हणून अध्यक्षांनी शेजारच्या म्हाताऱ्या मनमाया आमाची शिडी मागवली आणि टोपी सावरत वर चढले. सचिव हरिकलाबाईंनी खालून फोटो काढले. पुरे, म्हणून अध्यक्ष उतरायला वळले, तर शिडी गायब!

"हरिकलाबाई, शिडी कुठंय?"

"आमा घेऊन गेल्या, सर. माळ्यावरचा मका उतरवायचाय म्हणाल्या."

"मग गावपालिकेची आणा!"

"फोन केला, सर. ते म्हणतात, गच्ची केंद्राची, तुम्ही केंद्राच्या हद्दीत आहात."

"मग केंद्राला विचारा!"

"विचारलं. ते म्हणतात, खाली उतरणं ही स्थानिक बाब आहे."

"आणि प्रदेशवाले?"

"खांबाला धरून घसरायची परवानगी देतायत. अर्ज केला तर."

अध्यक्षांनी घड्याळात पाहिलं. तेवढ्यात आमा आली, पण शिडीऐवजी टोपली घेऊन. तिने दोरीच्या एका टोकाला टोपली बांधली आणि दुसऱ्या टोकाला दगड बांधून तो वर भिरकावला.

"ओढ बाबू. नातीच्या नागरिकत्वाचा कागद आहे. त्यावाचून पोरीची नर्सिंगची परीक्षा अडलीय. तुझ्या सहीसाठी हेलपाटे घालून म्हातारी झाले मी."

"आमा, तू आधीपासूनच म्हातारी आहेस! माझी बस चुकेल!"

"सही कर, मग शिडीचं बघू."

अध्यक्षांनी सही केली, शिक्का मारला. अध्यक्ष सापडले, ही बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि मनोऱ्याखाली ही भली मोठी रांग लागली. कुणाचा नळ, कुणाची लग्ननोंदणी; एक जण तर नुसता बघायला आला होता. टोपली खालीवर होत राहिली. मध्येच कुणीतरी तळलेली गोड सेलरोटी आणि चहाही वर पाठवला. दुपारी बस सुटली. मनोऱ्यावरून ती शेवटच्या वळणापर्यंत अगदी स्वच्छ दिसली.

कागद संपले तेव्हा शिडी आली.

परिषदेने त्यांच्यावाचूनच गावाच्या अधिकारांची मागणी लावून धरली, आणि काही महिन्यांनी सरकारने ती मान्यही केली. मनोऱ्याच्या जिन्याचं काय ते आता गावच ठरवणार होतं. अध्यक्षांची छाती फुगली. त्यांनी गावसभा बोलावली.

"आपल्या हक्काचा पहिला निर्णय! जिना हवा, त्यांनी हात वर करा!"

हात एकच वर झाला, अध्यक्षांचा.

"अगं आमा, तू तरी?"

"जिना कशाला रे बाबू?" आमा म्हणाली. "शिडी आहे की माझी. चढायला देईन."