सोळा केमध्ये न मावणारा नवरा

"मी करून देतो," असं मी म्हणालो तेव्हा बायको चहा गाळत होती. तिनं नुसतं "बरं" म्हटलं असतं, तर मी दुसऱ्या मिनिटाला शब्द मागे घेतला असता. पण ती हसली. बायको हसली की मी वाटेल ते कबूल करतो. (आमचं लग्नही असंच ठरलं.)

बायको छापखान्यात मुद्रितं तपासते. तीस वर्षं ती चुका काढतेय. कामावर लेखकांच्या, घरी माझ्या. गेल्या वर्षी मात्र तिनं स्वतःचं काहीतरी लिहिलं. कविता लिहिली असती तर मी 'वा वा' करून मोकळा झालो असतो. तिनं लिहिला खेळ! लेकीकडून शिकून, लॅपटॉपवर. नुसत्या शब्दांचा खेळ, चित्र नाही की आवाज नाही. पडद्यावर येतं, 'तुम्ही स्वयंपाकघरात आहात. ओट्यावर पिशवी आहे.' आपण टाइप करायचं, 'पिशवी घे.' मग पुढे काय झालं ते पडद्यावर येतं. एका बाईनं घरभर फिरून चष्मा, किल्ली आणि छत्री गोळा करायची आणि चाळीस चालींच्या आत नऊ वाजून दहा मिनिटांची बस गाठायची, एवढीच गोष्ट.

आणि माझ्याकडे आहे एक जुना घरगुती कॉम्प्युटर. लग्नाआधीचा. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून प्रोग्राम चढवायचा. मेमरी सोळा के, म्हणजे आजच्या फोनमधला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. अशा यंत्रांच्या शौकिनांचं आमचं एक मंडळ आहे. मंडळाचे अध्यक्ष रेडिओ दुरुस्त करतात, म्हणून त्यांना सगळे रेडिओवाले म्हणतात. त्यांनी यंदा प्रदर्शन जाहीर केलं, 'जुन्या यंत्रांवर नवे खेळ.'

"माझा खेळ तुमच्या त्या डबड्यावर बसेल का हो?" बायकोनं विचारलं होतं. "चार परक्या माणसांना तो खेळताना मला बघायचंय. दुसऱ्यानं लिहिलेलं बरं की वाईट, ते मला पहिल्या ओळीत कळतं. स्वतःचं कळतच नाही."

त्यावर मी ते तीन शब्द बोललो. हात दाखवून अवलक्षण!

खेळ होता चाळीस केचा. डबडं सोळाचं. म्हणजे निम्म्याहून जास्त खेळ कापायचा. पण मी घाबरलो नाही. मी कचेरीच्या दप्तर शाखेत आहे, जुन्या फायली निकालात काढणं हेच माझं काम. आमचा नियम सोपा आहे. ज्या कागदावाचून काम अडत नाही, तो कागद ठेवायचा नाही.

सुरुवातीलाच एक गंमत झाली. खेळून बघत होतो, तर टेबलावर ठेवलेली किल्ली परत येईपर्यंत खणात गेलेली! चष्माही तसाच. वस्तू आपोआप जागा बदलत होत्या. चूक! बायकोच्या हातून! तीस वर्षांत मला तिची पहिली चूक सापडली होती. मी तो भाग गुपचूप कापला आणि तिला काही बोललो नाही. (माझं मन मोठं आहे.)

मग विशेषणांवर आलो.

"'विटका निळा पडदा' यातलं 'विटका' काढू?"

"का? त्यानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"काना, वेलांटी, पुढची मोकळी जागा धरून सहा अक्षरं जातात."

"मग 'निळा' काढा. पडदा निळा असला काय न् हिरवा असला काय. पण विटलाय, हे कळायलाच हवं."

प्रत्येक शब्दासाठी अशी झटापट. आठवडाभरात मी बावीस केवर आलो आणि अडलो. मग मी कचेरीच्या पद्धतीनं तक्ता आखला. डाव्या बाजूला खेळातली प्रत्येक गोष्ट, उजव्या बाजूला तिच्यावाचून काय अडतं ते. मांजर पिशवीवर झोपतं, त्याला दूध दिल्याशिवाय पिशवी मिळत नाही, म्हणून मांजर ठेवणं भाग. शेजारीण छत्री परत देते, म्हणून शेजारीण हवी. शेवटची नोंद होती 'नवरा.' हॉलमधल्या खुर्चीत पेपर वाचत बसलेला.

नवऱ्यावाचून काय अडतं? मी पुन्हा पुन्हा तपासलं. काहीच अडत नव्हतं.

आणि जागा सगळ्यात जास्त खात होता तो! त्याच्या तोंडी अडतीस वाक्यं होती. मी ती एकेक वाचली. 'तिथेच असेल.' 'आत्ता? आत्ताच?' 'हो, ऐकतोय.' 'मघाशी होती बुवा.' 'बघतो.' सगळी माझी होती. एकही तिनं मनानं घातलेलं नव्हतं. वाचताना मला माझाच आवाज ऐकू येत होता, आणि तो ऐकायला काही बरा वाटत नव्हता. तीस वर्षांच्या संसारात या माणसानं एक किल्लीसुद्धा शोधून दिली नाही! मला वाईट वाटलं. खरं सांगतो, फार वाईट वाटलं.

तिला विचारायची हिंमत होईना. म्हणून मी प्रयोग केला. एक अख्खी संध्याकाळ काहीच करायचं नाही, बोलायचंही नाही, आणि घरात काय अडतं ते बघायचं. काही अडलं नाही. नऊच्या सुमाराला बायकोनं विचारलं, "पोट बिघडलंय का?"

दुसऱ्या सकाळी मी उपयोगी पडायचं ठरवलं. ती आंघोळीला गेल्यावर तिचा चष्मा डबीत घातला, किल्ली खुंटीवर अडकवली, छत्री दारामागे ठेवली. सगळं जिथल्या तिथे. ती बाहेर आली आणि गादी उचल, डबे उघड, असं करत पंधरा मिनिटं घरभर धावली. तिची बस चुकली.

"कुणी हात लावला माझ्या वस्तूंना?"

"मी नीट ठेवल्या," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मी गॅलरीत जाऊन उभा राहतो. त्या दिवशी तिथेच उभ्या उभ्या मी निर्णय घेतला आणि कचेरीतून आल्यावर नवरा कापून टाकला. शेवटचे काही शब्द छाटल्यावर खेळ सोळा केमध्ये चपखल बसला. बायकोला म्हटलं, "झालं." तिनं विचारलं, "सगळं आहे ना?" मी म्हणालो, "महत्त्वाचं सगळं आहे."

रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये पंचवीसेक माणसं जमली होती. बायको इस्त्रीची साडी नेसून मागच्या भिंतीला टेकून उभी होती. तिचे हात गार पडले होते, मी धरून बघितले. पहिले खेळायला बसले रेडिओवाले. मांजराला दूध, पिशवी, चष्मा, किल्ली, शेजारीण, छत्री, दार. 'बस मिळाली. अभिनंदन.'

अकरा चाली.

"एवढंच?" रेडिओवाले म्हणाले. "छान आहे. सोपा आहे." आणि ते शेजारच्या टेबलाकडे वळले. त्यांच्यामागून सगळे.

बायकोचा चेहरा मला बघवेना. ती पुढे आली, स्वतः खेळायला बसली. 'हॉलमध्ये जा.' पडद्यावर आलं, 'हॉल. एक खुर्ची आहे.'

"खुर्ची रिकामी का आहे?"

"तो... मी काढला त्याला. त्याच्यावाचून काही अडत नव्हतं गं."

"अहो, तो अडवतो म्हणून तर खेळ आहे!" ती जवळजवळ ओरडलीच. "बाई स्वयंपाकघरात गेली की हा उठतो आणि तिच्या वस्तू नीट ठेवतो!"

मी कपाळाला हात लावला. ती चूक नव्हती. तो मी होतो.

दुपारच्या फेरीला दीड तास होता. नशिबानं कापलेल्या ओळी मी कागदावर उतरवून ठेवल्या होत्या (कचेरीचा नियम घरी चालत नाही), आणि ती फाईल सोबत होती. पण जागा कुठे होती?

"त्याची वाक्यं काढा," बायको म्हणाली. "एक ठेवा. 'बघतो.' बाकी सदतीसांचा अर्थ तोच आहे."

'विटका' या शब्दासाठी दोन दिवस भांडलेल्या बाईनं माझी सदतीस वाक्यं एका दमात उडवली! तरीही तो मावेना. माणसांच्या यादीत जागाच उरली नव्हती. शेवटी घाईघाईत मी नवऱ्याला वस्तूंच्या यादीत घुसडलं, किल्ली आणि छत्रीच्या मध्ये.

दुपारी रेडिओवाल्यांची बस चुकली. त्यांनी पुन्हा खेळून बघितलं, पुन्हा चुकली. लोक भोवती जमले. "अरे, चष्मा आत्ता इथे होता!" "त्याला विचारा!" 'बघतो.' हॉल हसून हसून बेजार. बायको भिंत सोडून टेबलापाशी आली होती. मग शिवणकाम करणाऱ्या एक वयस्कर बाई बसल्या. तीनदा हरल्या. चौथ्यांदा त्यांनी दातओठ खाऊन टाइप केलं, 'नवरा घे.'

'घेतला,' कॉम्प्युटर म्हणाला.

वस्तूंच्या यादीतला ना तो, उचलता येणारच! बाईंनी पदर खोचला. 'कपाट उघड. नवरा कपाटात ठेव. कपाट लाव.'

'ठीक आहे.'

पाच चाली राखून त्यांनी बस गाठली. टाळ्या थांबेनात. शिवणवाल्या बाई उठल्या आणि त्यांनी माझ्या बायकोचे दोन्ही हात धरले. "बाई, तुम्ही माझ्या घरी कधी येऊन गेलात हो?" बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

घरी येताना डबडं माझ्या काखेत होतं. मी म्हणालो, "ती कपाटाची चूक उद्या दुरुस्त करतो."

ती रस्त्यातच थांबली. "खबरदार! तीस वर्षांत तशीच ठेवावीशी वाटलेली ही पहिली चूक आहे."

मला एकदम भरून आलं. "म्हणजे," मी हळूच विचारलं, "मला खेळातून काढायला नाही ना सांगणार?"

"तुम्हाला कशाला काढू?" ती मायेनं म्हणाली. "कपाट रिकामं राहील ना!"