ताईसाठी केलेली कडक चौकशी

नाशकात स्नेहलला सापडणार नाही अशी वस्तू अजून जन्माला यायची होती! निदान स्नेहलचं तरी तसं ठाम मत होतं. शेजारच्या काकूंचं पळालेलं मांजर तिने थेट गंगापूर रोडवरून धरून आणलं होतं. मग ताईसाठी एक मानसतज्ज्ञ शोधायचा म्हणजे काय, दप्तरातून पट्टी काढण्याइतकं सोपं!

ताईचं झालं होतं असं. बीएड झाल्यावर पहिल्याच मुलाखतीत मीनाताई फळ्यापुढे खडू घेऊन उभी राहिली, ती रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीसारखी गप्प! तेव्हापासून ती घराबाहेर पडेना, रात्री डोळा लागेना. आता दिंडोरीच्या शाळेची मुलाखत तोंडावर आली होती आणि दिंडोरी म्हटलं की ताई पांघरूण डोक्यावर ओढायची.

"आई, तिला मनाच्या डॉक्टरकडे नेऊ या ना."

"वेड लागलंय का माझ्या पोरीला?" आई कडाडली. "कॉलनीत कळलं तर लग्न जमायचं नाही तिचं!"

झालं! स्नेहलने मोहीम गुपचूप हाती घेतली. शाळेत मनाच्या आजारांवर बोलायला आलेल्या एका पाहुण्या बाईंनी बजावलं होतं, 'नुसती पाटी बघून जाऊ नका. पदवी, सरकारी नोंदणी, अनुभव, सगळं विचारा.' कॅनडा कॉर्नरला तिला पाटी दिसली: दिनेश निकम, मानसतज्ज्ञ. दवाखाना बंद होता, पण खाली रावजींचं इस्त्रीचं दुकान उघडं होतं.

"काका, हे निकम खरंच शिकलेत ना? पदवी खरी आहे?"

"म्हंजे काय! पुण्याला शिकलाय. भिंतीवर सरकारी कागद टांगलाय."

"स्वभावाने कसे आहेत? चिडतात का?"

रावजींनी इस्त्री बाजूला ठेवली. "गाय हाय, गाय! कुनासाठी विचारतीस?"

"मोठ्या बहिणीसाठी."

"अस्सं! वय?"

"तेवीस."

"शिक्षण? घर? उंची?"

उंचीपाशी स्नेहल जरा अडखळली. पण असेल, मनाच्या आजारात उंचीही बघत असतील! तिने इंदिरानगरचा पत्तासुद्धा देऊन टाकला आणि विजयी वीरासारखी सायकलवर टांग मारली.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात जरीच्या साडीतल्या एक बाई, हातात पेढे, मागे इस्त्रीचा कडक शर्ट घातलेला तरुण.

"मी चंद्रभागा निकम, हा आमचा दिनेश. तुमच्या धाकटीने रावजींकडे एवढी बारीक चौकशी केली, म्हटलं आपणच मुलगी बघायला यावं!"

स्नेहल हळूच स्वयंपाकघरात सटकली. आई मात्र क्षणभर गांगरली आणि दुसऱ्या क्षणी पोहे भिजवायला धावली!

"गुणाची गं माझी बाय ती!" आई स्वयंपाकघरात कुजबुजली. "स्थळ शोधलंस आणि सांगितलं नाहीस? डॉक्टर आहे ना?"

"मनाचा," स्नेहल पुटपुटली.

आईच्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. मग म्हणाली, "असू दे. डॉक्टर तो डॉक्टर!"

ताई ट्रे घेऊन आली तेव्हा कपबश्या टाळ वाजवत होत्या. दिनेशने नाव विचारलं. ताईचा पुन्हा मारुती!

"लाजतेय," आई घाईने म्हणाली. "जा, गच्चीवर बोला दोघं."

चहा गार झाला. पोहे गार झाले. चंद्रभागाबाईंनी तीनदा पदर सावरला. स्नेहल हळूच जिन्यात जाऊन उभी राहिली, आणि बघते तर काय, ताई बोलत होती! फळा, खडू, सुकलेला घसा, छतावरची पाल, सगळं सांगत होती. दिनेश नुसता ऐकत होता.

दोघं खाली आले. ताईचे डोळे लाल, पण चेहरा धुतल्यासारखा हलका. "आई, मी मंगळवारी यांच्या दवाखान्यात जाणार आहे."

"आणि म्हणूनच," दिनेश हात जोडून म्हणाला, "लग्नाचं जमणार नाही. उपचार घेणाऱ्या व्यक्तीशी सोयरीक आमच्यात चालत नाही."

चंद्रभागाबाईंनी कपाळावर हात मारला. "झालं! घोटीची अशीच घालवली, सटाण्याची अशीच! बायको बघायला नेते मी आणि हा पेशंट घेऊन येतो!"

ताई खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी! ते हसू ऐकलं आणि आईच्या तोंडावर आलेलं 'लोक काय म्हणतील' पोह्यांच्या घासाबरोबर गिळलं गेलं.

मंगळवारी ताईला दवाखान्याच्या जिन्यापर्यंत सोडून स्नेहल वळली, तर रावजी दुकानातून ओरडले, "काय पोरी, जमलं का?"

"जमलं की काका! लग्न सोडून सगळं!"

"हात्तिच्या! मग त्या दातांच्या डॉक्टरचे शर्टबी माझ्याकडंच येत्यात. चौकशी करायची का?"

आयुष्यात पहिल्यांदाच स्नेहलने एकही प्रश्न न विचारता सायकल पिटाळली.