काटेरावांची साठलेली सुटी

मांडी घालून बसा पाहू. तोंडातली बोरं आधी गिळा. हं.

एका जंगलात, म्हणजे जिथं वाघापेक्षा परिपत्रकाला जास्त घाबरतात अशा एका जंगलात, काटेराव नावाचं एक साळिंदर नोकरीला होतं.

काम काय? पाणवठे तपासायचे. आज या डोंगरात, उद्या त्या डोंगरात. घराचं तोंड बघायला मिळायचं नाही. पण वनराज मोठे दयाळू! त्यांनी नियमच केला होता. कामासाठी जेवढे दिवस वाटेत जातील, तेवढे दिवस बदली सुटी. आहे की नाही मज्जा?

काटेरावांच्या नावावर अशी बारा दिवसांची सुटी जमली. आणि नेमका घरून निरोप आला, मुलगा झाला!

काटेराव इतके नाचले, की अंगावरचे सात काटे गळाले. त्यांनी बायकोला उलट निरोप धाडला, "इंदू, बारशाला येतोच. मी आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही!"

आणि तडक निघाले. घराकडे नाही रे, वेंधळ्या! मुख्य कार्यालयाकडे. सुटीचा अर्ज समक्ष द्यावा लागतो ना. तीन दिवसांची वाट.

खिडकीत तरस भाऊसाहेब हाड चघळत बसले होते.

"भाऊसाहेब, बारा दिवस सुटी हवी होती. मुलाचं बारसं आहे."

"वा वा, अभिनंदन! इथवर यायला किती दिवस लागले?"

"तीन."

"म्हणजे हाही कामाचाच प्रवास! यायचे तीन, जायचे तीन. बारा नि सहा अठरा. नशीबवान आहात!"

"अहो, मला बाराच पुरेत."

"असं कसं? हक्काची सुटी सोडायची? मी सोडू देणार नाही! अर्जात बारा, वहीत अठरा, मग साहेब सही कशी करतील? पाणवठ्यावर परत जा, मुकादमाचा शिक्का घ्या आणि अठराचा अर्ज आणा."

काटेराव गेले. अठराचा अर्ज घेऊन आले.

"छान," भाऊसाहेब म्हणाले. "आणि या खेपेचे सहा? चोवीस झाले की!"

चोवीसचा आणला, तर तीस झाले. तीसचा आणला, तर छत्तीस. हसता काय? घरी गेल्यावर तुमच्या बाबांना विचारा. घरी असतील तर.

इकडे पोर बसायला लागलं, रांगायला लागलं. नाव मात्र नाही. इंदूवहिनी शब्दाच्या पक्क्या. सगळे त्याला नुसतं 'ए' म्हणत. "ए, माती खाऊ नकोस." "ए, इकडे ये." पोराला वाटलं, हेच आपलं नाव.

काटेरावांची सुटी दोनशे चाळीसवर गेली. जंगलात उच्चांक! शाल, नारळ देऊन सत्कार झाला. सत्काराला यावं लागलं, त्याचे आणखी सहा.

मग मात्र इंदूवहिनींचं डोकं फिरलं. त्यांनी पदर खोचला. पोर काखेत, पाळणा डोक्यावर, नणंद पार्वतीच्या हातात घुगऱ्यांचं पातेलं. थेट कार्यालयाच्या फाटकाशी!

फाटकावर रानडुक्कर होतं. "पोराचं नाव?"

"अजून ठेवलं नाही."

"बिननावाच्याला आत सोडता येत नाही."

"अरे वा रे वा! बाप बाहेर आल्याशिवाय नाव नाही, आणि नावाशिवाय आत नाही! शहाणेच आहात की सगळे!"

तो आवाज फाटकालगतच्या रांगेत काटेरावांनी ओळखला. "इंदू! अगं, रांग सोडली तर नंबर जाईल गं!"

"नका सोडू. मधे गजच आहेत ना? चालतील."

वहिनींनी फाटकाला पाळणा टांगला. आत्याबाईंनी पोराच्या कानाला तोंड लावलं. कुर्रर्र! नाव ठेवलं फुलाजी. काटेरावांनी गजांतून पंजा घातला, पोराच्या नाकाला लावला आणि भोकाड पसरलं. अख्ख्या रांगेनं पाळणा म्हटला. भाऊसाहेबांनी दोन द्रोण घुगऱ्या खाल्ल्या. तिसरा साहेबांसाठी म्हणून नेला, तोही वाटेत संपला.

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं. 'सदर बारसे कार्यालयीन वेळेत, कर्मचारी रांगेत उभा असताना यथासांग पार पडले. सबब सुटीची गरज उरलेली नाही. दोनशे सेहेचाळीस दिवस रद्द. यापुढे सर्वांनी आपापली मंगलकार्ये फाटकातच उरकावीत. घुगऱ्या पुरेशा आणाव्यात.'

आणि फुलाजी? त्याला फुलाजी म्हणून कितीही हाका मारा, ढिम्म हलत नाही. पण खिडकीतून भाऊसाहेब रांगेवर "ए!" म्हणून खेकसले, की आतून काटेराव वळून बघतात आणि फाटकाबाहेरून फुलाजीही. बापलेक एकदमच.

तात्पर्य : नियमानं चालणाऱ्याला कधीही रिकाम्या हातांनी घरी पाठवत नाहीत. भरल्या हातांनीही पाठवत नाहीत. घरीच पाठवत नाहीत.