रावसाहेबांचा कागद

आमच्या वस्तीवरचे धोंडूनाना माणसांना अरे-तुरे करतात. अहो-जाहो फक्त कुत्र्याला. सरपंचाला "ए बाब्या" म्हणणारे नाना आपल्या तांबड्या कुत्र्यापुढे भाकरी ठेवून विचारायचे, "रावसाहेब, घेता ना दोन घास?" कुणी हसलं की म्हणायचे, "तू जागतूस व्हय माझ्या गोठ्यावर?"

रावसाहेबांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असायचा, बिबट्यानं मान धरू नये म्हणून. पण बांधलेले ते कधीच नसत. "बांधलं की पळायचं कसं त्यांनी?"

मी मंचरला एका कचेरीत कारकून. सकाळी मोटरसायकल काढली की रावसाहेब भुंकायचे ते माझ्यावरच. नाना सगळ्यांदेखत म्हणायचे, "सदूला बरोब्बर वळखलं राव त्यांनी." वस्ती हसायची. मीही हसायचो. पण ते आत लागत गेलं.

लाळेवरून कुत्र्याचं कूळ सांगणारी तपासणी निघाली आहे, असं पुण्याचा भाचा म्हणाला. मी ती मागवली. कापसाची काडी पुढे करताच नाना म्हणाले, "आ करा, साहेब. कचेरीचं काम हाय."

रिपोर्ट आला. निम्मं गावठी, निम्मं कुठलंसं परदेशी राखणीचं रक्त. नानांना वाचता येत नाही. चार माणसांत मी मोठ्यानं वाचलं, "या जातीत चावरेपणा आढळू शकतो." खाली बारीक अक्षरांत होतं, 'एखाद्या कुत्र्याचा स्वभाव यावरून सांगता येत नाही.' ती ओळ मला दिसली होती. मी ती वाचली नाही. वर म्हणालो, "पोरं खेळतात इथं, नाना. बघा बुवा."

नानांनी त्याच दिवशी साखळी आणली. खिळ्यांच्या पट्ट्यात ती अडकेना, म्हणून पट्टा काढून खुंटीला लावला. पाचव्या दिवशी सकाळी साखळी तुटलेली, आणि उसाकडे ओढत नेल्याची खूण.

नाना मला एका शब्दानं बोलले नाहीत. उलट तो कागद त्यांनी देवांच्या फोटोंशेजारी चिकटवला. "त्यांचं नाव हाय ना त्यात." दोन वर्षं मी त्या भिंतीकडे पाठ करून बसत आलो.

परवा मात्र उठलो आणि ती खालची ओळ वाचून दाखवली. तेव्हाच दिसली होती, हेही सांगितलं.

नानांनी खुंटीवरचा पट्टा काढून हातात घेतला.

"बांधलं त्याचं येवढं न्हाई रे, सदू," ते म्हणाले. "पर ते चार दिस मी भाकर काठीनं सरकवली. हात न्हाई लावला. त्यांना भ्यालो मी."