शेजारची शशी अन् रखमाचा आवाज

आमच्या डोणगावात लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढणाऱ्याचा हात धरणारी बाई एकच, शेजारची शशी. "तो नको म्हणून राह्यला ना? मंग? नाही म्हणाचा हक्क हाय त्याले." वाढपी घाबरून पुढं गेला. पाव्हणा बिचारा नुसता लाजून नको म्हणत होता. त्याची जिलेबी गेली.

कामच तिचं असं. माणसाचे हक्क अन् लोकशाही, याचा अभ्यास करते, दिल्ली-मुंबईले जाऊन मोठ्या साहेबांशी भांडते. पन्नाशी गेली, लग्न केलं नाही. ग्रामसभेत मागं बसते अन् कोणती बाई किती बोलली ते लिहिते. सरपंचानं घरोघर सभेच्या हजेरीचं रजिस्टर फिरवून बायांचे अंगठे घेतले, तं त्याले म्हणे, "अंगठा बोलत नाही, भाऊ."

कोणाले काही विचाराच्या आधी कागद वाचते. मनात नसन तं सांगू नका, मधातच उठून जा, तुमचं बोलणं तुम्हाले विचारल्याबिगर कोणाले ऐकवणार नाही. मी म्हणो, "शशे, चहा पेता का विचाराले बी कागद वाचशीन काय?"

लय वर्सांमांगं माही बायको रखमा तिच्यापाशी बोलली होती. आवाज भराचं मशीन लावून, दोन घंटे. मले ओसरीवरून हाकललं. काय बोलली ते मरेपर्यंत सांगतलं नाही. यंदा गेली. फोटो हाय, लुगडे हायेत. आवाज नाही. घरात माह्यावर खेकसणारं कोणी नाही.

गेलो शशीकडे. "ऐकव."

"नाही दादा. वहिनीनं सांगतलं होतं, घरच्याइले बी नाही."

"मेली ना आता ती!"

"म्हणूनच. आता तिले विचारता येत नाही."

लय शिव्या देल्या मी. आग लाव तुह्या लोकशाहीले, म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तीच आली, मशीन घेऊन. डोळे सुजेल.

"दोन दिवस ऐकून राह्यली, दादा. बाकी नाही देता येत. पण एक वाक्य वहिनी मले नाही, तुम्हाले बोलली. ते तुमचं हाय."

बटन दाबलं. रखमा वरडली, "अवो, बैलाइले पाणी दाखवलं का नाही?"

बैल इकून कैक वर्सं झाले. तरी माह्या तोंडातून निंघालं, "दाखवलं वं."

शशी भिंतीकडे तोंड करून बसली. मंग म्हणे, "दादा, जेवली का म्हणून मले वहिनी तेवढी एकच विचारे."

तव्यावर भाकर होती. मी दोन ताटं घेतले.