ताईने शिवून टाकलेली गरिबी

आमच्या बालपणावर मी सिनेमा काढणार आणि तो बघून दगडालाही पाझर फुटणार, असं मी अख्ख्या गोतावळ्यात जाहीर करून टाकलं होतं. गरीब बहीण-भाऊ, फाटके कपडे, गळकं छप्पर! अजून काय पाहिजे?

कपड्यांचं काम मी ताईकडे दिलं. शिवणकामात तिचा हात धरणारं कोणी नाही. शिवाय त्या बालपणात तीही होतीच की!

पहिल्याच दिवशी निर्माते सेटवर आले.

"आजचा सीन बघतो. डोळ्यांत पाणी आलं तर पुढे, नाहीतर गाशा गुंडाळा!"

हा माझा पहिला सिनेमा, आणि हा बंद पडला तर मला दुसरा कोण डोंबल देणार?

छोटा नट कॅमेऱ्यासमोर आला आणि मी बघतच राहिलो! आम्ही घासून, कुरतडून, घाम गाळून फाडलेला शर्ट धडधाकट! छोट्या नटीच्या फ्रॉकला तर झालर! पोरं गरीब कसली, लग्नाला निघाल्यासारखी दिसत होती.

"ताई, अगं फाटकेच ठेवायचे होते!"

"फाटका कपडा हातात आला आणि मी तसाच पुढे दिला, असं कधी झालंय?"

"बरं, छप्पर तरी गळू दे!"

"भोकं बुजवली मी. लेकरं भिजली असती ना!"

निर्माते खुर्चीतून उठले. "अहो, गरिबी कुठाय?"

"साहेब, लहानपणी आम्ही फाटकेच कपडे..."

"कधी रे?" ताई कडाडली. "एक तरी फाटका शर्ट आठवतो तुला?"

मी डोकं खाजवलं. खरंच, एकही आठवेना!

"अरे, एकच तर शर्ट होता तुझा! तू मोरीत अंघोळीला गेलास की मी शिवायला बसायची. तू ओरडायचास, 'ताई, शर्ट दे!' मी म्हणायची, 'कान घासलेस का? परत घास!' टाके संपेपर्यंत तुला बाहेर येऊ देत नव्हते."

"म्हणजे ते कान... मला वाटायचं, तुला स्वच्छतेचं वेड आहे!"

"तुझ्या कानांची मला काय हौस होती?"

मला हसू आलं आणि भर सेटवर रडूही आलं. किती जपलं होतं हिने मला, आणि मला पत्ताच नाही! निर्माते आधी खो खो हसले, मग चष्मा काढून डोळे पुसत बसले.

"हाच सीन घ्या! आत्ताच्या आत्ता!"

घेतला. छोटी नटी भराभर टाके घालतेय, आतून पोरगा बोंबलतोय, ही दटावतेय, "परत घास!" सगळं युनिट हसत होतं आणि नाक ओढत होतं.

सिनेमा वाचला! झकास चाललाय. ताईचं पात्र आता नायिका झालंय. फक्त माझ्याच बालपणावरच्या सिनेमात मध्यंतरापर्यंत मी मोरीत आहे, आणि पडद्यावर माझा नुसता आवाज येतो!