चपलांचा नंबर

आमच्या बोळातल्या बसण्णांना रांग दिसली की राहवत नाही. रांग कशाची आहे हे ते नंतर विचारतात. आधी उभे राहतात.

एकदा ते अशाच एका रांगेत अर्धा तास उभे होते. नंबर आला तेव्हा कळलं की ही रक्तदानाची रांग आहे. "आता आलोच हाय तर घ्या की," म्हणून त्यांनी बाही वर केली. वय अडुसष्ट, त्यामुळे रक्त कुणी घेतलं नाही, पण बिस्किटाचा पुडा मिळाला. संध्याकाळी तो बोळात सगळ्यांना वाटत ते सांगत होते, "लाईन झकास होती. पुढं एक मास्तर, मागं एक पानवाला. दोगंबी बोलके."

नाव बसण्णा, पण मी त्यांना बसलेलं क्वचितच पाहिलं आहे. सोलापुरातल्या एका चादरीच्या दुकानात चाळीस वर्षं उभं राहून त्यांनी गिऱ्हाइकांना चादरी उलगडून दाखवल्या आणि परत घड्या घातल्या. दुकान सुटलं, उभं राहणं सुटलं नाही. घरात कानडी, बोळात मराठी आणि रांगेत दोन्ही. कुणी मागून रेटलं, की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं : "निधान, निधान! लाईन काय पळून चाललीय व्हय?" निधान म्हणजे सावकाश. हा एक कानडी शब्द आमच्या बोळात लहान मुलांनाही येतो.

बोळाच्या तोंडाला सार्वजनिक नळ आहे. पाणी रोज येत नाही, येतं त्या दिवशी पहाटेपासून नंबर लागतात. प्रत्येक जण काही घागर धरून उभा राहू शकत नाही. कुणाचा चहा उकळत असतो, कुणाचं पोर रडत असतं. मग घागर ठेवायची आणि जायचं. घागर नसेल तर चपला काढून ठेवायच्या. चपला असल्या म्हणजे माणूस आहे असं धरायचं. रांग पुढं सरकली की मागच्यानं त्या पायानं पुढं ढकलायच्या. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण मोडायची हिंमत कुणी करत नाही. एका भाडेकरूनं एकदा पुढच्याच्या चपला मागंच राहू दिल्या होत्या, तर बसण्णा त्याच्याशी आठवडाभर बोलले नव्हते. "मानूस न्हवता म्हणून काय झालं? चपला तर व्हत्या न्हवं?"

मला ते 'कॉलेज' म्हणतात. त्याचंही कारण रांगच. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. ॲडमिशनसाठी दाखले काढायचे होते. वडिलांची चिंचोळी एमआयडीसीत पहिली पाळी, आई कधी ऑफिसात गेलेली नाही, आणि मला गर्दीत बोलायला सुचत नाही. मी भीत भीत सकाळी पोचले, तर दाखल्याच्या रांगेत तिसऱ्या नंबरवर बसण्णा उभे. मी सांगितलंही नव्हतं. "ये कॉलेज, उबी रहा हितं," ते म्हणाले. "मागच्यांशी बोललोय मी, कोन काय म्हणनार न्हाय." त्या दिवसापासून माझं नाव तेच.

त्यांचा मुलगा संतोष पुण्यात असतो. त्याची मुलगी आर्वी, अडीच वर्षांची. बसण्णांची तिच्याशी ओळख मोबाईलवरची. रोज संध्याकाळी ते स्क्रीनला नाक लावून "आर्वी, अज्जा बग, अज्जा!" म्हणायचे आणि ती तिकडून हात हलवायची. यंदा मे महिन्यात संतोष, सूनबाई प्रियांका आणि आर्वी तीन दिवसांसाठी आले. बसण्णा रिक्षापाशीच हात पसरून उभे होते. आर्वीनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. एवढा मोठा अज्जा तिनं कधी पाहिला नव्हता. ती आईच्या गळ्यात शिरली आणि रडत म्हणाली, "मम्मा, याला बंद कर!"

सगळे हसले. बसण्णाही हसले. पण नंतर नळाजवळ मला म्हणाले, "कॉलेज, तीन दिस हायत. एकदा ती आपनहून माज्या कडेवर आली पायजे. बास. बाकी काय नको."

दोन दिवस त्यांनी सगळे उपाय केले. पेढे झाले, फुगे झाले, घोडा होऊन झालं. आर्वी तीन फुटांच्या आत यायला तयार नव्हती. मग संतोषनं ठरवलं, पुण्याच्या रस्त्यावर एक मोठं थीम पार्क झालंय तिकडं जाऊ, पोरगी खूश होईल. बसण्णांनी मलाही भाड्याच्या गाडीत घातलं. कारण काय, तर तिथल्या इंग्रजी पाट्या वाचायला कुणीतरी पाहिजे. संतोषला माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी येतं. पण बसण्णांचं म्हणणं, "तो वाचतो, पर सांगत न्हाय. लई घाईत अस्तो."

टेंभुर्णीच्या पुढं बराच वेळ गेल्यावर पार्क आलं. मी असं ठिकाण पहिल्यांदाच पाहत होते, त्यामुळे मी सगळ्याच पाट्या वाचत सुटले, अगदी 'बाहेर जाण्याचा मार्ग'सुद्धा. संतोषनं तिकिटांबरोबर सगळ्यांसाठी सोनेरी पट्टे घेतले होते, मनगटाला बांधायचे.

"अप्पा, हा पास आहे," तो म्हणाला. "हा असला की रांगेत थांबायचं नाही. आपण थेट सगळ्यांच्या पुढं."

बसण्णांनी मनगटाकडं पाहिलं. "का? आपल्यात कोन आजारी हाय?"

"आजारी नाही हो अप्पा. पैसे भरलेत."

"मग लाईनीतली मानसं काय फुकट आलीत व्हय?"

पासवाल्यांची वाट वेगळी होती, रांगेच्या अगदी कडेनं जाणारी. संतोष पुढं, मागं आर्वीला घेतलेल्या प्रियांकाताई, त्यांच्या मागं मी, आणि सगळ्यात शेवटी बसण्णा, रांगेतल्या एकेका माणसाला हात जोडत : "माफ करा हं. पोरानं पास काडलाय. माफ करा, दादा. ताई, रागावू नका." मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी पट्टा ओढणीखाली लपवला.

पुढं पोचलो तर तिथं लाकडी अस्वल उभं, एक हात आडवा धरून. मुलाचं डोकं त्या हाताला लागलं तरच आत सोडायचं. आर्वी हाताखालून आरामात निघून गेली. मग दुसरा खेळ. तिथं जिराफ होता, पण नियम तोच. तिसऱ्या ठिकाणी मासा. तिन्ही ठिकाणी आम्ही सगळ्यांच्या आधी पोचलो आणि सगळ्यांच्या आधी परत आलो. बसण्णांना दोनदा तीच माणसं भेटली. परत जाताना ते सांगत होते, "झालं, झालं. तुमचा नंबर तुमालाच."

आर्वीएवढ्या मुलांना चालणारी एकच गोष्ट होती, छोटी आगगाडी. तिच्या पाटीवर मी वाचलं की इथं पास चालत नाही. मी ते दोनदा वाचलं, मग हळू आवाजात सांगितलं.

"म्हणजे?" संतोष म्हणाला. "एवढे पास काढून रांगेतच उभं राहायचं?"

रांग नागमोडी होती, पाऊण तासाची तरी. उन्हानं आर्वी किरकिर करत होती. प्रियांकाताईंनी कपाळावरचा घाम पुसला आणि एका मोठ्या पाळण्याकडं नुसतं पाहिलं. बसण्णांच्या ते लक्षात आलं.

"तुमी दोगं जावा तिकडं. पास वाया का घालवताय? लाईनीचं माज्याकडं लागलं. कॉलेज हाय की पोरीला."

"अप्पा, ती राहायची नाही तुमच्याजवळ."

"बगू की. लाईनीत मी कुनाला परका न्हाय."

ते गेले. आर्वीनं माझं बोट धरलं आणि बसण्णांकडं पाठ केली. थोड्या वेळानं ती दूध मागायला लागली. दुधाची बाटली सामानाच्या खोलीत ठेवलेल्या पिशवीत होती. मी बसण्णांकडं पाहिलं. ते म्हणाले, "जा पळत. मी बगतो." मी निघाले तेव्हा ती कठड्याला धरून माझ्या नावानं रडत होती, म्हणजे "कॉलेज, कॉलेज" म्हणून.

परत आले तर रांगेत बसण्णा नव्हते. त्यांच्या जागी त्यांच्या चपला होत्या.

दोन मोठ्या, टाच झिजलेल्या चामडी चपला, एकमेकींना चिकटून, तोंड आगगाडीकडं. भोवती चकचकीत बूट घातलेली माणसं आणि शिट्टीवाला सिक्युरिटी.

"कुणाच्या आहेत या?" तो विचारत होता. "इथं सामान ठेवायला परवानगी नाही."

"सामान न्हाय ते, नंबर हाय," मागची बाई म्हणाली. हिरवी साडी, कडेवर मूल. "आजोबा पोरीला शू करायला घेऊन गेलेत. सांगून गेलेत मला."

"चपलांना नंबर नसतो, बाई."

"तुमच्याकडं नसंल. आमी बार्शीचे. आमच्याकडं असतो."

रांग दोन पावलं सरकली. बाईनं डाव्या पायानं एक चप्पल पुढं ढकलली, मग दुसरी, आणि पदर सावरून सिक्युरिटीकडं पाहिलं. मागच्या एका मुलानं मोबाईल काढून चपलांचा फोटो घेतला. दोघंतिघं हसले.

इथं मला एक कबूल करायला हवं. मी थोडा वेळ गप्प उभी राहिले. जणू त्या चपलांची आणि माझी ओळखच नाही. मग मला दाखल्याची रांग आठवली. तिथं हेच पाय माझ्यासाठी उभे होते, आणि तेव्हा मी काही सांगितलंही नव्हतं.

"त्या माझ्या आहेत," मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

सिक्युरिटीनं चपलांकडं पाहिलं, मग माझ्या पायातल्या सँडलकडं. "या? तुमच्या?"

"म्हणजे आमच्या अण्णांच्या. पण माझ्याच."

तेवढ्यात पलीकडून आरडाओरडा ऐकू आला. फरशी उन्हानं तव्यासारखी तापली होती, आणि तिच्यावरून बसण्णा अनवाणी येत होते. एक पाय टेकवायचा, "आई गं!", दुसरा टेकवायचा, "अय्यय्यो!", मध्येच एका झाडाच्या सावलीत उडी, तिथून पुढच्या झाडाच्या सावलीत. त्यांच्या कडेवर आर्वी होती. ती त्यांचे दोन्ही कान धरून खदखदून हसत होती. ते सावलीत थांबले की ती ओरडायची, "अज्जा, नाच! अजून नाच!" आणि अडुसष्ट वर्षांचा अज्जा पुन्हा उन्हात उडी मारायचा.

बार्शीच्या बाईनं चपला त्यांच्या पायांपुढं सरकवल्या. "आलात? लई गुणाच्या हायत हो तुमच्या चपला. जराबी रेटारेटी केली न्हाय."

सिक्युरिटीसुद्धा हसला आणि शिट्टी खिशात घालून निघून गेला.

पुढचा अर्धा तास आर्वी खाली उतरली नाही. बसण्णांनी तिची रांगेतल्या सगळ्यांशी ओळख करून दिली. दूध तिनं त्यांच्या खांद्यावरच प्यायलं, निम्मं त्यांच्या शर्टावर सांडलं. मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला खरंच कंटाळा येत नाही उभं राहायचा?"

"कंटाळा घरात येतो की," ते म्हणाले. आर्वीचा एक हात अजून त्यांच्या कानावर होता. "तुजी काकू गेल्यापासनं घरात माज्या पुडं कोन न्हाय, मागं कोन न्हाय. लाईनीत दोनी बाजूला मानूस अस्तंय."

तेवढ्यात रांग सरकली, आणि ते पुन्हा मागच्या बाईला विचारायला लागले की बार्शीत ज्वारी कशी काय आहे.

आगगाडी दोनच फेऱ्यांत थांबली. संतोष आणि प्रियांकाताई तोवर आले होते. "झालं, चला," संतोष म्हणाला. आर्वीनं मान हलवली. "परत."

"परत गाडीत?"

"नाही. परत लाईन." आणि ती अज्जाचं बोट धरून रांगेच्या शेपटाकडं चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी ते पुण्याला निघणार होते. नेमकं पहाटे पाणी आलं. बसण्णांनी नळापाशी चपला ठेवल्या. आर्वी डोळे चोळत बाहेर आली, थोडा वेळ त्या चपलांकडं पाहत राहिली, मग खाली बसून तिनं आपली एक गुलाबी चप्पल काढली आणि त्यांच्या मागं नीट लावून ठेवली. बोळातल्या बायका बघतच राहिल्या. तेवढ्यात गाडी आली, संतोष घाईत होता, आर्वीला उचलून तो निघालाच. चप्पल राहिली. बसण्णांनी नंतर फोन केला तर तो म्हणाला, "असू द्या अप्पा, तिला लहानच होत होती."

पुढच्या वेळी पाणी आलं तेव्हा आमच्या बोळात नवीन राहायला आलेला एक माणूस रांगेत होता. बसण्णांच्या मोठ्या चपलांच्या मागं त्याला एकच गुलाबी चप्पल दिसली.

"हा नंबर कुणाचा?" त्यानं विचारलं.

बसण्णा नळाला पाईप लावत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "हाय एकीचा. येतीया."

"कधी?"

"दिवाळीला."

तो माणूस हसला आणि मग आजूबाजूला पाहून गप्प झाला, कारण बाकी कुणी हसत नव्हतं. माझी घागर त्या चपलेच्या मागंच होती. रांग पुढं सरकली. मी ती चप्पल पायानं हळूच पुढं ढकलली, आणि मग माझी घागर उचलली.